गाडीचं ॲव्हरेज दर टाकीला बदलतंय? गॅरेज गाठण्याआधी मोजणी तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच स्वरूपात कानावर येते. मागच्या टाकीला १७ चं ॲव्हरेज होतं, या टाकीला १४ वर आलं. गाडी गॅरेजला दिली. प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, एअर फिल्टर नवा टाकला. पुढच्या टाकीला १७ आलं, जीव भांड्यात पडला. दोन टाक्यांनी पुन्हा १४. मग पेट्रोल पंप बदलायचा, मग प्रीमियम पेट्रोल टाकून बघायचं, मग कुणीतरी सांगितलेली औषधाची बाटली टाकीत ओतायची. खर्च वाढत जातो आणि आकडा खाली-वर होतच राहतो.

यातून सुटायचं असेल तर एक प्रश्न आधी निकाली काढायला हवा: ॲव्हरेज खरंच पडलंय, की नुसती मोजणी हलतेय? माझ्या मते नागपुरात रोज ऑफिस-घर करणाऱ्या गाड्यांच्या बऱ्याचशा तक्रारी मोजणीच्याच असतात. आणि मोजणी कच्ची असली की दुहेरी नुकसान होतं. नसलेल्या दोषावर पैसे जातात, आणि असलेला दोष कित्येक महिने लपून राहतो.

आकडा कसा वागतोय यावरून बरंच कळतं. तो एका टाकीला वर, दुसरीला खाली असा हलत असेल तर मोजणीकडे बघा. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा तुमच्या हिशोबापेक्षा कायम थोडा जास्तच असेल तर तो स्क्रीनचा स्वभाव आहे. पण आकडा एकदा पडला आणि पुढच्या सगळ्या टाक्यांना खालीच राहिला, तर मात्र कारण शोधावं लागेल. ते ऋतूत असेल, रस्त्यात असेल किंवा गाडीत.

मोजणी कुठे फसते

'हजारचं टाका' ही सवय ॲव्हरेज मोजण्याच्या कामाची नाही. रुपयांवरून लिटर काढता येतात, पण आधी टाकीत किती होतं ते कुणालाच माहीत नसतं. पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका. टाकीतला फ्लोट, म्हणजे पातळी दाखवणारा तरंगता गोळा, गाडी उतारावर उभी असली तरी वेगळं दाखवतो, आणि पहिली पाव टाकी सावकाश उतरते तर शेवटची झपाट्याने, असं बहुतेक गाड्यांत दिसतं.

टँक-टू-टँक पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची; धावलेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा मावलेले लिटर. पद्धत बरोबर आहे. गोची 'फुल' या शब्दात आहे. नोझल कधी आपोआप लवकर बंद होतं, कधी उशिरा. पेट्रोल जोरात सोडलं की फेस येतो आणि टाकी भरण्याआधीच कट होतो. पंपाची जमीन एका बाजूला उतरती असली तर टाकीत हवा अडकते. यात एक-दीड लिटरचा फरक अगदी सहज पडतो.

आता हा दीड लिटर किती महाग पडतो बघा. दहा लिटर भरून हिशोब केलात तर चूक १५ टक्के. तीस लिटर भरलेत तर ५ टक्के. म्हणजे अर्ध्या टाकीवर ॲव्हरेज काढणारा माणूस १६ च्या गाडीला कधी १४ म्हणेल, कधी साडेअठरा, आणि दोन्ही वेळा गाडी तीच, चालवणाराही तोच.

यावर उपाय साधा आहे, पण तो करणारे फार कमी. प्रत्येक टाकीचं वेगळं ॲव्हरेज काढून त्यावर निर्णय घेऊ नका. सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर बेरजेत घ्या. समजा पहिली फुल टाकी केल्यानंतरच्या नोंदी अशा आल्या:

४२० किमी, २४ लिटर: ॲव्हरेज १७.५
३८० किमी, २७ लिटर: ॲव्हरेज १४.१
४५० किमी, २६.५ लिटर: ॲव्हरेज १७.०

मधल्या टाकीला गाडी बिघडली असं कुणालाही वाटेल. पण पहिल्या ओळीत नोझल दोन लिटर आधी बंद झालं असेल तर? तेव्हा खरं म्हणजे २६ लिटर जळालं होतं, २४ चीच नोंद झाली. राहिलेले दोन लिटर पुढच्या भरण्यात गेले आणि २५ चे २७ झाले. दुरुस्त आकडे येतात १६.२ आणि १५.२. साडेतीनचा फरक एकावर आला. तिन्ही ओळींची बेरीज १२५० किमी आणि ७७.५ लिटर, म्हणजे १६.१. बेरजेत मधल्या भरण्यातल्या चुका एकमेकींना खोडतात. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. नोंदी जशा वाढतात तसा तिचा वाटा घटत जातो.

म्हणून एकच पंप, शक्यतो तेच मशीन, गाडी त्याच जागी त्याच दिशेने उभी, आणि पहिल्या आपोआप कटला थांबायचं. 'साहेब, राउंड फिगर करू का?' याला नाही म्हणा. कटनंतर थेंब थेंब ओतत राहिलं की पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. तो खराब झाला की गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि ॲव्हरेजचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. मधेच पाचशेचं टाकावं लागलं तर काही बिघडत नाही, फक्त बिलावरचे लिटर लिहून ठेवा आणि पुढच्या फुल टाकीच्या लिटरमध्ये मिळवा. किलोमीटर ट्रिप मीटरवरून लिहिण्यापेक्षा ओडोमीटरवरून लिहिलेले बरे. ट्रिप मीटर घरातलं कुणीतरी शून्यावर आणतं.

एक सापळा आणखी आहे, आणि हिशोबात पक्की असलेली माणसंही त्यात अडकतात. शहरात २०० किमी १० च्या ॲव्हरेजने आणि हायवेवर २०० किमी २० च्या ॲव्हरेजने चालवलं, तर एकूण ॲव्हरेज १५ येत नाही. शहरात २० लिटर गेलं, हायवेवर १०. चारशे भागिले तीस, म्हणजे १३.३. ॲव्हरेजची सरासरी काढायची नसते. मोबाइलच्या एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्याचं 'ॲव्हरेज' घेणारे सगळे इथे फसतात आणि गाडीकडून ती देऊच शकत नाही अशी अपेक्षा धरून बसतात.

स्क्रीन आणि ओडोमीटर

डॅशबोर्डवरची स्क्रीन पेट्रोल मोजत नाही, अंदाज बांधते. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून गाडीतला संगणक हिशोब करतो. बऱ्याच गाड्यांत तो आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढाच असतो. तुमच्या बेरजेच्या ॲव्हरेजशी एकदा ताडून बघा. स्क्रीन १८ आणि हिशोब १६.५ असा फरक दर वेळी तेवढाच राहत असेल तर काळजीचं कारण नाही; उलट तो फरक कळला की स्क्रीन रोजच्या तुलनेसाठी छान कामाला येते. 'अजून इतके किमी जाईल' हा आकडा मात्र अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला असतो. वर्धा रोडवरून मोकळं येऊन सीताबर्डीत अडकलात की तो भराभर उतरणारच.

ओडोमीटर तपासायला राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे किलोमीटरचे दगड आहेतच, किंवा मोबाइलचं जीपीएस. चाळीस-पन्नास किमीवर एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो. टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो, चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं आणि ओडोमीटर जास्त किमी दाखवतो. नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज किंचित पडल्यासारखं वाटतं ते बहुधा यामुळेच. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर आधी हे गणित सोडवा, बाकी सगळं नंतर.

ऋतू, सिग्नल आणि समृद्धी

जाहिरातीतला आकडा एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीचा असतो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार, आणि त्यात सर्वाधिक वेग ९० किमी असतो. नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हातली दुपार, फुल एसी आणि व्हेरायटी चौकातला सिग्नल त्यात नाही. त्यामुळे शहरात त्यापेक्षा २०-३० टक्के कमी आलं तर गाडीला दोष देऊ नका. गाड्यांची आपापसात तुलना करायला तो आकडा चांगला आहे. तुमच्या गाडीचा स्वतःचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

नागपूरकरांनी एक गोष्ट पक्की धरावी: मे महिन्याची तुलना जानेवारीशी करू नका. जानेवारीत सकाळी एसीचं बटण कुणी दाबत नाही. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ च्याही पुढे जातो, गाडी दिवसभर उन्हात तापलेली असते आणि कॉम्प्रेसर घरी पोचेपर्यंत दम घेत नाही. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तर लहान पेट्रोल इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पितं. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस मिनिटं सिग्नलला आणि कुणाची वाट बघत गेली, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत सहा ते आठ लिटर जागच्या जागी जळतं. किलोमीटर शून्य. महिन्याला ६०० किमी चालणाऱ्या आणि निव्वळ धावताना १६ देणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज एवढ्यानेच साडेतेराच्या आसपास येतं. गाडीत काहीही बिघडलेलं नाही. या वर्षीच्या मेची तुलना गेल्या वर्षीच्या मेशी करा, आणि म्हणूनच नोंदींची वही वर्षभर ठेवा.

घरातून दोन-तीन किमीवर शाळा, तिथून भाजी, परत घर, अशा छोट्या फेऱ्या आणखी मारक. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद होतं, आणि गार इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल पाजतो. धरमपेठेतल्या धरमपेठेत फिरणारी गाडी आणि रोज बुटीबोरीला जाणारी तशीच गाडी यांची आकड्यांवरून बरोबरी होऊच शकत नाही.

समृद्धी महामार्गावर उलटी तक्रार येते: 'हायवे असून ॲव्हरेज शहराइतकंच!' तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे आणि बरेच जण ती पूर्ण वापरतात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की वेग दीडपट होतो, हवेचा विरोध सव्वादोनपट. शिर्डीला जाताना ९०-९५ वर आणि येताना १२० वर चालवा, दोन्हीकडे टाकी फुल करून मोजा. मेकॅनिकला विचारायची गरज उरणार नाही. वर कॅरियरवर सामान बांधलं असेल तर फरक आणखी ठळक दिसेल.

पेट्रोल आणि पंप

ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, सध्या खूप बोललं जातं, तेव्हा आकड्यांत बोलू. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे पावणेसात टक्के कमी, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या गाड्यांसाठी १-२ टक्के घट दिली होती. म्हणजे जुन्या गाडीचं १७ वरून १६ होणं ई२० ने समजून घेता येतं. १७ वरून १३ होणं ई२० च्या माथी मारू नका, कारण तसं केलंत की खरा दोष शोधायचं राहून जातं. चार-पाच वर्षांपूर्वीच्या वहीशी आजची तुलना करताना मात्र ही घट आधी वजा करा.

पंपावर संशय असेल तर मनात ठेवू नका, तिथेच माप मागा. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाने मागितल्यास मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिली इतकाच फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. माप बरोबर भरलं तर पंपाचा विषय संपला. पहाटे भरलं की गार पेट्रोल जास्त मिळतं, या समजात फारसं तथ्य नाही; टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

आता गाडी

मोजणी पक्की, ऋतू तोच, रस्ता तोच, आणि बेरजेचं ॲव्हरेज तरीही १० टक्क्यांहून जास्त खाली बसलंय? मग गाडीत दोष आहे असं धरा. पण सुरुवात महागड्या कामापासून करू नका.

आधी टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, तोच भरा. मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवरून आल्यावर हवा तपासली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसते; ती काढून टाकू नका, संध्याकाळी टायर गार झाले की कमी पडते. मात्र हवेकडून फार मोठ्या सुधारणेची आशा नको. एका पीएसआयमागे फरक पाव टक्क्याच्या आसपास. हवा बरोबर ठेवायची ती टायरच्या आयुष्यासाठी आणि तुमच्या जिवासाठी.

मग ब्रेक. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच होतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांची गाडी पावसाळ्यात बरेच दिवस हँडब्रेक ओढून उभी होती. त्यानंतर तिचं ॲव्हरेज घसरलं ते घसरलंच. गॅरेजमध्ये प्लग झाले, इंजेक्टर झाले, बिल झालं. वहीतला आकडा जागचा हलला नाही. पाच-सहा किमी सावकाश, ब्रेक जवळपास न दाबता गाडी फिरवून आणली आणि एकेका चाकाच्या रिमजवळ तळहात धरला. तीन चाकं कोमट. मागचं डावं इतकं गरम की हात धरवेना, आणि जवळ वाकलं की जळका वास. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. लिव्हर खाली गेला तरी लायनर ड्रमला घासतच होते. केबल बदलली, ड्रम उघडून साफ केले, ॲव्हरेज परत आलं. हात रिमजवळ धरा, डिस्कला लावू नका. आणखी एक चाचणी: सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकून ढकला. जी गाडी एकट्याने हलायची तिला दोघं लागत असतील तर कुठेतरी काहीतरी धरून बसलंय.

नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. आपल्याकडे इंजिन तापू नये म्हणून तो काढूनच टाकायची जुनी पद्धत काही मिस्त्री अजून पाळतात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते कसंबसं निभावत होतं. आजच्या गाडीत थर्मोस्टॅट नसला किंवा उघडा अडकला, तर हायवेवर इंजिन पुरेसं गरम होत नाही, संगणक त्याला गारच समजतो आणि पेट्रोल वाढवून देत राहतो. हायवेवर तापमानाचा काटा मध्याच्या खूप खाली रेंगाळत असेल, किंवा इंजिन गार असल्याचा निळा दिवा लवकर जात नसेल, तर हे तपासा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर नक्कीच.

सेन्सरचा संशय असेल तर भाग बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगा आणि 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम', म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय, ते विचारा. तो आकडा उणे-अधिक १० च्या आत असेल तर पेट्रोलचं मिश्रण ठीक आहे. खूप अधिक असेल तर संगणक पेट्रोल वाढवतोय: कुठून तरी हवा ओढली जातेय, हवा मोजणारा सेन्सर मळलाय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. खूप उणे असेल तर तो पेट्रोल कमी करतोय, म्हणजे एखादा इंजेक्टर गळत असेल. हा आकडा न बघता ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

एअर फिल्टरबद्दल एक समज दूर करायला हवा. सिमेंट रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीने आपल्याकडे फिल्टर लवकर भरतो, तो वेळेवर बदलायलाच हवा. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मळका फिल्टर ॲव्हरेज फारसं पाडत नाही, पिकअप कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या करून हेच दाखवलं. कारण संगणक आत आलेल्या हवेच्या हिशोबानेच पेट्रोल देतो.

डिझेलवाल्यांनी बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लक्षात ठेवावा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत त्यात काजळी साचते आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल वापरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास आउटर रिंग रोडला एका लयीत चालवलं तर फरक पडतो. सीएनजीचा हिशोब किलोत करा. सिलिंडर किती भरतो ते पंपाच्या दाबावर आणि उन्हावर ठरतं, तेव्हा तिथे एका भरण्याच्या ॲव्हरेजला काहीच अर्थ नाही. सुरुवातीला जळणारं पेट्रोलही वेगळं लिहा.

गॅरेजला जाताना वही सोबत न्या आणि एका वेळी एकच काम करून घ्या. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आकडा सुधारला तरी कशाने सुधारला ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार घेऊन पुन्हा चारही कामांचे पैसे द्याल. काम झाल्यावर त्याच पंपावर टाकी फुल करा, वहीत नवी ओळ आखा, तारीख आणि केलेलं काम लिहा, आणि बेरीज तिथून पुन्हा सुरू करा. तीन-चार फुल टाक्यांची बेरीज होईपर्यंत दुसरं काहीही बदलू नका.